सातातले आणि बारातले

वसंत ऋतू कोणत्या महिन्यांत येतो, असा प्रश्न शाळेत विचारीत, तेव्हा ‘चैत्र-वैशाख’ असे लिहून आम्ही एक गुण पदरात पाडून घेत असू. पुढे वाणिज्य शाखेची पदवी घेतली, बँकेत चिकटलो आणि ध्यानात आले की वसंत ऋतू ३१ मार्चच्या आगेमागे येतो, आणि तो बँकेतल्या माणसाला दिसू नये अशी व्यवस्था कुणीतरी फार पूर्वीच करून ठेवलेली आहे. बाहेर कोकीळ ओरडत असतो आणि आत शाखाधिकारी. दोघांचाही स्वर पंचम. पूर्वी जाडजूड खातेवह्या होत्या, आता संगणक आहे. मार्च मात्र होता तसाच राहिला आहे. १ एप्रिलला बँकेचे दार गिऱ्हाइकांना बंद असते, म्हणून आमच्या सोसायटीतले लोक जिन्यात गाठून म्हणतात, “काय, आज मजा आहे बुवा तुमची!” ती मजा आम्ही बंद दाराआड बसून, ताळेबंद जुळवीत भोगतो.

असे वीस वसंत ज्याने ट्यूबलाइटखाली काढले त्याला वसंतावर बोलण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारील. माझा प्रश्न त्याच्या एक पायरी पुढचा आहे. वसंतावर अधिकार असतो तरी कुणाचा?

हा प्रश्न फुकट सुचलेला नाही. त्याच्यामागे २२ गुंठे जमीन आहे. अलिबागच्या अलीकडे, अष्टागरातल्या किहीम गावी वडिलांच्या निपुत्रिक आत्याची वाडी होती, ती आठ-दहा वर्षांपूर्वी वारसाने माझ्या नावावर आली. पंधरा गुंठ्यांत नारळ, पोफळी, दोन आंबे, एक फणस आणि एक विहीर. उरलेल्या सात गुंठ्यांत भाताचे खाचर. पैसे टाकून ती मला मिळाली नसती. एक तर पैसे नव्हते. आणि दुसरे म्हणजे, शेतकरी नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात सरकारी परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने मात्र घेता येते. म्हणजे शेतीची अक्कल विकत मिळत नसली तरी वडिलांच्या आत्याकडून आपोआप येते, असे कायद्याचे मत दिसते. तलाठ्याने फेरफार केला, नोंद मंजूर झाली आणि एका मंगळवारी दुपारी, चहा आणि बटाटेवडा यांच्या दरम्यान, मी शेतकरी झालो.

सातबारा हा शब्द आपण रोज वापरतो. बसमध्ये खिडकीची जागा अडवून बसलेल्याला आपण विचारतो, “सातबारा आहे का तुझ्या नावावर?” पण तो एक कागद नसून दोन आहेत, हे किती जणांच्या लक्षात येते? गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कुणाची ते लिहिलेले असते. बारामध्ये त्या जमिनीत त्या वर्षी काय पिकले ते. सात म्हणजे नाव, बारा म्हणजे काम. सात एकदा लिहिला की माणूस मरेपर्यंत बदलत नाही. बारा दर हंगामाला नव्याने लिहावा लागतो. ज्या कुणा अधिकाऱ्याने हे दोन नमुने एका पानावर छापायचे ठरविले, त्याने बहुधा कागद वाचवायचा विचार केला असेल. पण त्याच्या हातून एक नीतिशास्त्राचा ग्रंथ लिहून झाला. जगातली बरीच भांडणे वरच्या सातातली आणि खालच्या बारातली माणसे एकमेकांकडे बघतात तेव्हा सुरू होतात.

आमच्या आत्याच्या काळातला एक जुना उतारा माझ्याकडे आहे. त्यातल्या बारात ‘जमीन करणाराचे नाव’ असा एक रकाना आहे आणि त्यात सुंदर अक्षरात लिहिले आहे, ‘खुद्द’. आत्या गिरगावात राहत. वर्षातून एकदा, आंब्याच्या सुमाराला त्या किहीमला जात, आणि तेव्हाही चिखल लागेल म्हणून खाचराकडे फिरकत नसत. तरी ‘खुद्द’! मला वाटले, कारकुनाची डुलकी. पण कायदा काढून पाहिला, तर १९४८ च्या कूळ कायद्यात ‘जातीने जमीन कसणे’ याची व्याख्याच मोठी उदार निघाली. स्वतः राबलात तर जातीने कसलीत; घरच्यांनी राबून कसली तरी जातीने; आणि मजुरीवर माणसे लावून आपण नुसती देखरेख केलीत, तरी तीही जातीनेच. या हिशेबाने आमचे शाखाधिकारी माझ्या टेबलावरचे सगळे काम जातीने करतात. तसे ते म्हणतातही.

अर्थात आत्यांच्या ‘खुद्द’मागे प्रत्यक्षात जो उभा होता, त्याला मी आबा म्हणतो. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. चण सुपारीच्या झाडासारखी, सरळ आणि गाठीगाठीची. त्यांची स्वतःची जमीन आमच्या बांधाला लागून आहे. आत्यांची वाडी त्यांनी चाळीस वर्षे पाहिली, आणि आता मलाही ते पाहतात. शेती शिकायची असे मी ठरविले तेव्हा शिकवणीही त्यांच्याकडेच लावली.

पहिला धडा बसण्याचा. मी वीस वर्षे बसण्याचाच पगार घेतो आहे. तेव्हा या विषयात कुणी मला काही शिकवील अशी शंकासुद्धा आली नव्हती. “बस नको भाऊ, उकिडवा हो,” आबा म्हणाले. उकिडवे होणे म्हणजे काय, हे ज्याला कळून घ्यायचे असेल त्याने कांद्याची रोपे लावावीत. भात निघाल्यावर अलिबागच्या भागात पांढरा कांदा लावतात. तोच तो, ज्याला आता सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि जो रस्त्याच्या कडेला वेण्या घालून टांगलेला असतो. मार्गशीर्षात रोप लावायचे, पाणी द्यायचे, खुरपायचे, फाल्गुनात उपटायचे. दोन वाफे केले. शनिवारी-रविवारी मी, आणि उरलेले पाच दिवस आबा. पहिल्या रविवारी संध्याकाळी मी उभा राहिलो तेव्हा निम्मा उभा राहिलो; उरलेला निम्मा मंगळवारी दुपारी काउंटरवर उभा राहिला.

दुसरा धडा पाण्याचा. वाफ्यात पाणी सोडून आपण शेजारी विडी ओढत बसायचे, एवढेच ते काम असावे असे लांबून दिसते. आबा विडी ओढतातही. पण डोळा पाण्याच्या टोकावर असतो. ते टोक कुठे रेंगाळले, कुठे घसरले, यावरून वाफ्यातला उंचवटा त्यांना कळतो आणि ते नुसत्या टाचेने माती सारून पाण्याला वाट दाखवतात. बँकेत आम्ही याला नियंत्रण म्हणतो आणि त्यासाठी तीन दिवसांचे शिबिर घेतो.

फाल्गुनात कांदा निघाला. आबांच्या सुनेने पातींच्या वेण्या घातल्या. आणि मी, वाणिज्य शाखेचा पदवीधर, कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बियाणे, शेणखत, पंपाची वीज, माझे गेटवे ते मांडवा बोटीचे भाडे, पुढचे बसचे भाडे. शिवाय माझी मेहनत. आपली मेहनत फुकट धरू नये, असे आम्हांला परिव्यय लेखाशास्त्रात शिकवले होते. माझ्या पगारातून ताशी दर काढला आणि लावला, तर कांद्याची एक वेण एका चांगल्या साडीच्या भावात पडली. सौभाग्यवतींना मी तसे सांगितले. “मग साडीच आणायची होती,” त्या म्हणाल्या.

मग आबांचे तास त्यांच्या मजुरीच्या दराने धरले, तर तीच वेण एकदम आवाक्यात आली. पेन्सिल तिथेच थांबली. एका वाफ्यात, एका उन्हात, दोन माणसे उकिडवी बसली होती. त्यातला एक दुप्पट वेगाने आणि चौपट नीट काम करीत होता. आणि त्याचा तास दुसऱ्याच्या तासापेक्षा कितीतरी स्वस्त होता. कांद्याला यातले काही माहीत नव्हते. तो दोघांसाठी सारखाच पांढरा झाला होता.

एवढ्यात वसंत आला. यंदा रजा काढून मी मार्चचा मध्य तिथे घालवला. रजा कशी मिळाली हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. कोकणातला वसंत मी प्रथमच दिवसाउजेडी पाहत होतो. पांगाऱ्याला पान नाही आणि फुले मात्र लालभडक. काटेसावरीखाली फुलांचा सडा. आंब्याच्या मोहोराची कणी धरून आता चिंचोक्याएवढ्या कैऱ्या लोंबत होत्या. फणसाच्या खोडाला कुयऱ्या फुटल्या होत्या. काजूच्या मोहोराचा वास, उन्हाने तापलेल्या पाचोळ्याचा वास, आणि दुपारी समुद्राकडून येणारा वारा. मी विहिरीच्या काठावर बसलो होतो. मन भरून आले. “काय वसंत आहे आबा!” मी म्हणालो.

आबांनी आंब्याकडे पाहिले. मला कैऱ्या दिसत होत्या. त्यांना गळालेला मोहोर दिसत होता. “मागल्या पंधरवड्यात आभाळ आलं नसतं तर बरं होतं,” ते म्हणाले आणि डोक्यावरचा पाचोळ्याचा भारा घेऊन पुढे गेले.

तो भारा राबाचा. कोकणात ज्या तुकड्यावर भाताचे रोप करायचे, तो तुकडा उन्हाळ्यात भाजून घेतात. शेण, पाचोळा, झाडांची कवळं, गवत यांचे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट दिशेने पेटवून द्यायचे. तणाचे बी जळते, राख खताला होते. झाडे छाटली जातात म्हणून शेतकीतले जाणकार राबाला नाके मुरडतात. तो वाद जुना आहे. मला सांगायचे ते एवढेच की पांगारा फुलतो तेव्हा आबा राब गोळा करीत असतात. ज्याला मी ऋतू म्हणतो त्याला ते काम म्हणतात. कवींनी वसंताला ऋतुराज केले ते ठीकच आहे. राजाची स्वारी येते तेव्हा रस्ता झाडणाऱ्याला स्वारी दिसते कमी आणि पाचोळाच दिसतो जास्त.

आणखी एक चमत्कार पाहा. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद होतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोठी रो-रो बोट सुरू झाली आहे, पण मुंबईकराचा ओढा तसाच आहे : समुद्र शांत तोवर किहीम, खवळला की काळबादेवी. म्हणजे बोट चालू असते तेव्हा जमिनीत पाहण्यासारखे पुष्कळ असते आणि करण्यासारखे त्या मानाने कमी. आणि बोट बंद होते तेव्हाच पेरणी, लावणी आणि बेणणी सुरू होते. सातातला माणूस वसंतात येतो, बारातला वर्षात राबतो. दोघांची गाठच पडू नये, असे हे वेळापत्रक आहे.

या भागाला हा प्रश्न काही नवा नाही. याच अलिबाग तालुक्यात चरी नावाचे गाव आहे. तिथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांची सभा भरली आणि खोतांची जमीन करायची नाही, असा निर्णय झाला. पिकाचा मोठा वाटा खोत नेई आणि राबणाऱ्याच्या नावाचा कागदावर पत्ताही नसे. नारायण नागू पाटील पुढारी होते. पंचवीस गावे संपात उतरली आणि संप १९३९ पर्यंत चालला. संप म्हणजे काय, हे आम्हां बँकवाल्यांना ठाऊक आहे. आमचा दोन दिवस चालतो आणि पगार कापल्याबद्दल आम्ही दोन वर्षे बोलतो. इथे सहा हंगाम नांगर टेकून ठेवायचा होता, तोही ज्याला नांगराशिवाय दुसरे काही येत नाही अशा माणसाने. लोकांनी लाकूडफाटा विकला, मिळेल ती मजुरी केली, अर्धपोटी राहिले, पण खोताच्या शेतात उतरले नाहीत. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४८ चा कूळ कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्याने तिचा खरेदीदार झाला.

तारीख पाहिलीत? १ एप्रिल. ज्या दिवशी आम्ही दार लावून आकड्यांची बेरीज जुळवतो, त्याच दिवशी एका वर्षी बाराने सातावर चढून आपले नाव लिहिले होते. बँकेत इतकी वर्षे काढली, पण या तारखेला चहा पिण्यापलीकडे काही साजरे करण्यासारखे आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते.

आबांच्या वडिलांना जमीन मिळाली ती याच कायद्याने. किंमत हप्त्याहप्त्याने फेडली. कागद घरात आला तेव्हा आबा लहान होते; वडिलांनी तो देव्हाऱ्यात ठेवला आणि आईने त्याला हळदकुंकू वाहिले, एवढे त्यांना आठवते. आता इथे गोष्ट संपवली असती तर ती फार गोड झाली असती. पण जमिनीच्या गोष्टी गोड शेवटापाशी थांबत नाहीत. आबांच्या थोरल्याने आपल्या वाटणीचा तुकडा विकला. तिथे आता पांढरा बंगला आहे, निळा पोहण्याचा तलाव आहे आणि फाटकावर निळ्या गणवेशात आबांचा नातू बसतो. पणजोबा त्या जमिनीचे कूळ, आजोबा मालक, बाप विक्रेता आणि नातू रखवालदार. चार पिढ्यांत चक्र पुरे झाले. नातवाला पगार वेळेवर मिळतो, हेही सांगितले पाहिजे. भाताने त्याला तो कधी वेळेवर दिला नसता.

आणि याच आबांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितले, “भाऊ, खाचर कुणाला करायला देऊ नको. कूळ लागंल.”

मी म्हटलं, “आबा, हे तुम्ही सांगता?”

“मीच सांगणार,” आबा म्हणाले. “मना म्हाईत हाय ना, कसा लागतो तो.”

आमचे एक चुलतबंधूही हेच म्हणतात. ते वकिलीच्या परीक्षेला एकदा बसले होते, त्यामुळे कायद्याच्या बाबतीत त्यांना कसलाच संशय नसतो. “दर वर्षी माणूस बदल, नाहीतर पडीक टाक. पडीक जमीन कुणाकडे जात नाही.” त्यांचा सल्ला कोकणभर पाळला जातो. खाचरामागून खाचरे गवताखाली गेली आहेत, ती काही सगळीच माणसे मिळत नाहीत म्हणून नव्हे. काही भीतीने गेली आहेत. आमचे सात गुंठेही तीन वर्षे पडीक होते. सातातले नाव शाबूत राहावे म्हणून बारात ‘पडीक’ लिहून घ्यायचे! चोर येईल म्हणून घरात स्वयंपाकच करायचा नाही, त्यातला हा प्रकार.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. आमचे दोन माड आणि अकरा पोफळी आडव्या झाल्या. वादळाने सातबारा पाहिला नाही. बंगल्याची कौले आणि आबांच्या गोठ्याचे पत्रे एकाच दिशेने नेले. सातबारा लागला तो नंतर, नुकसानीच्या अर्जाला. अर्ज माझ्या नावाने, पंचनामा माझ्या नावाने, रक्कम माझ्या खात्यात. आडव्या झालेल्या पोफळी लावल्या होत्या आबांनी, तीस वर्षांपूर्वी. करवतीने कापून वाडी मोकळी केली तीही आबांनीच. रक्कम मोठी नव्हती. तिची रोपे आणली आणि ती आबांनीच लावली. पोफळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात, माडाला त्याहून जास्त. पंच्याहत्तरीतला माणूस तो खड्डा खणतो तेव्हा तो कुणासाठी खणतो, याचा रकाना सातातही नाही आणि बारातही नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, तर मग सरळ आहे : जो राबतो त्याचा वसंत, आणि तुम्ही आपले विहिरीच्या काठावरून उठा. मीही तसे म्हणून मोकळा झालो असतो. पण किहीमचाच दुसरा एक पाहुणा आडवा येतो. डॉ. सालिम अली. १९३० साली जर्मनीत पक्षिशास्त्र शिकून ते परत आले, तर मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातली त्यांची जागाच पैशांअभावी रद्द झालेली. नोकरी गेली, म्हणून ते आणि त्यांच्या पत्नी तहमिना किहीमला येऊन राहिले. तिथे घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्यात नर घरटी विणू लागले आणि हा बेकार गृहस्थ महिनेच्या महिने ती पाहत बसला. नर घरटे अर्धे विणतो. मग माद्या येऊन तपासणी करतात. एखादीला पसंत पडले की ती ताबा घेते. नर ते पुरे करून देतो आणि लगेच दुसरे घरटे दुसरीसाठी सुरू करतो. अंडी उबवणे वगैरे पहिलीने पाहून घ्यायचे. अर्धवट बांधकाम दाखवून ताबा देणारे आणि लगेच पुढच्या प्लॉटवर जाणारे व्यावसायिक किहीममध्ये पुढे पुष्कळ आले, पण मान पहिला सुगरणीच्या नराचा. सुगरणींच्या संसाराचा हा उलगडा जगाला झाला तो त्या बेकारीतल्या पाहण्यातून.

आता सालिम अलींनी त्या झाडाला पाणी घातले नव्हते, आणि पक्षी तर कुणाच्याच सातावर नसतात. तरी त्या पावसाळ्यावर त्यांचा हक्क नव्हता, असे कोण म्हणेल? कारण त्यांनी नुसते पाहिले नाही. पाहण्याची मजुरी भरली. आबांचा डोळा पाण्याच्या टोकावर असतो, तसा त्यांचा घरट्याच्या टोकावर होता. तेव्हा हक्क घामानेच मिळतो असे नाही. तो लक्ष दिल्याने मिळतो, आणि घाम हा लक्ष देण्याचा एक जुना, खात्रीचा मार्ग आहे. मोहोर पाहून मला नुसता आनंद झाला होता. कांद्याचे दोन वाफे केल्यावर, आभाळ आले की माझ्याही पोटात खड्डा पडू लागला. त्या खड्ड्यासकट जो आनंद होतो, तो निराळा. तो बोटीच्या तिकिटात येत नाही.

पण म्हणून मालकीचा प्रश्न सुटला असे नाही. लक्ष पुष्कळ दिले तरी नाव सातात माझेच राहते आणि वाकतो तो आबाच. या ठिकाणी माझ्या मदतीला माझे शास्त्र आले. लोकांना वाटते, बँकेच्या तिजोरीतला पैसा बँकेचा. आमच्या ताळेबंदात ठेवी कोणत्या बाजूला लिहितात, ठाऊक आहे? देण्यांच्या बाजूला. पैसा आमच्या कुलुपात, किल्ली आमच्या खिशात, पावतीवर नाव आमचे. पण लिहायचा तो देणे म्हणूनच, आणि त्यावर व्याज द्यायचे ठरल्या तारखेला. ज्या बँकेला हा फरक विसरायला होतो ती बँक बुडते, आणि बुडण्याआधी काही दिवस फार ऐटीत असते.

सातातले नाव हे तसलेच आहे. आत्यांच्या आधी कुणीतरी विहीर खणली, आबांनी पोफळी लावल्या, हे सगळे माझ्याकडे आलेल्या ठेवी. जमीन माझ्या ताब्यात आहे, याचा अर्थ ती मी देणे लागतो. वसंताबद्दल भाडे आकारता येत नाही. कोकीळ बंगल्यावरही ओरडतो आणि रखवालदाराच्या खोपटावरही. पण ज्याच्या नावावर जमीन आहे त्याने तो फुकट ऐकू नये, एवढाच माझा मुद्दा आहे. आणि व्याज भरायचे ते भरून आलेल्या मनाने नव्हे. मन भरून येणे आमच्याकडे कुठल्याच खात्यात जमा होत नाही.

तेव्हा यंदा मी तीन गोष्टी केल्या. कांदा लागवडीला आबांचा आणि माझा तास एकाच दराने धरायचा ठरवले. दर माझा, हे ऐकून सौभाग्यवतींनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. पण वर्षाला दोन वाफे म्हणजे काही सरकारी वेतन आयोग नव्हे, हे त्यांना पटले. दुसरी, सात गुंठ्यांचे खाचर राबासकट तयार करायला घेतले. चुलतबंधूंनी फोनवर “कूळ लागेल” असे तीनदा सांगितले. लागले तर या गावात ते पहिले नसेल, आणि कोणत्याही कुळाने जमिनीचे गवत केल्याचे ऐकिवात नाही. तिसरी, जुलैत लावणीसाठी आठ दिवसांची रजा मागितली आहे. अर्जात ‘कारण’ या रकान्यात ‘घरगुती’ लिहायचा आमच्याकडे प्रघात आहे. मी ‘लावणी’ असे लिहिले. शाखाधिकाऱ्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि “आठ दिवस चालते?” असे विचारले. मी “हो” म्हटले. त्यांच्या मनात कोणती लावणी आहे, हे मी विचारले नाही.

१५ ऑगस्ट २०२१ पासून बारातली नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची सोय झाली आहे. ई-पीक पाहणी म्हणतात तिला. शेतात उभे राहायचे, पीक निवडायचे आणि फोटो काढून पाठवायचा. येत्या हंगामात मी ‘पडीक’च्या जागी ‘भात’ लिहीन. आबांचे नाव लिहायला तिथे जागा असेल असे नाही. पण फोटो मीच काढणार आहे, आणि आबांना खाचरात मधोमध उभे राहायला सांगणार आहे. फोटोत पीक दिसले पाहिजे, एवढी अट आहे. माणूस दिसू नये, असे कुठे लिहिलेले माझ्या वाचनात नाही.